डाव्या हाताचा पियानो

त्या दिवशी पूर्णेच्या रेल्वे कलबात मी, आमचे मालक, आत्याबाई म्हंजी माझी सासू, आन् पियानो शिकविणारी डिसोजाबाई, असे चौघं होतो. हात मोजले तर सात.

कमी पडला तो माझा उजवा. बहात्तरचा दुष्काळ सरला त्याच्या पुढल्या साली कडबा कापायच्या मशीनीनं नेला. (कडबा मातर झकास बारीक झाला!) आत्याबाईनी तवाच सांगितलं, "एका हाताची सून काय कामाची? धाडा माहेरी." मालक म्हंजी रेल्वेतला माणूस, सिग्नल पडल्याबिगर हालायचंच न्हाई!

मी कलबात झाडू मारायची. डिसोजाबाईजवळ एक विलायती बुक होतं. लढाईत उजवा हात गेलेल्या लोकायसाठी लिहिलेलं गाणं त्यात, सगळं एकट्या डाव्या हाताचं. "तू सीख," म्हणली. शिकले! बोटं खाली ठोका द्यायची, लगीच पळत वर जाऊन गाणं म्हणायची. डोळे मिटले तर दोन हात वाटायचे. म्हणलं, हे आत्याबाईला ऐकवायचंच. मग बघते मला कोण धाडतं!

नेलं दोघायला. बसले वाजवायला. आत्याबाईची चुळबुळ सुरू.

"आरं, दुसरा हात कवा यायचा?"

"गप बस, माय," मालक म्हणले.

"गप कशी बसू? पोरगी एकटीच झुंजायलीय! परक्या बाईसमोर आपली इज्जत जायलीय!"

आन् उठल्या की! पदर खोचला, माझ्या उजव्या अंगाला स्टुलावर टेकल्या, आन् भाकर थापल्यावानी दिला पंजा हाणून. धडाम!

"अवं आत्याबाई, हात काढा!"

"तू वाजव गं, इकडून मी हाय!"

डिसोजाबाई कपाळ धरून वरडली, "नक्को मां! ये एकीच हात का है!"

"म्हणूनच तर आले ना!" आत्याबाई म्हणल्या, आन् दुसराबी लावला.

स्टूल एकटीपुरतं. मोडलं! दोघी खाली. पडता पडता आत्याबाईनी माझा डावा हात पोटाशी आवळून धरला. "हात सांभाळा रे पोरीचा! तेवढाच हाय!"

माहेरचं नाव पुन्हा निघालं न्हाई. निघंल कसं? जलमभर गावाला सांगत फिरल्या, "आमी दोघी पियानो वाजवितो. ती जरा कच्ची हाय, मी सांभाळून घेते."

तर वाचणाऱ्यायनो, एका हाताची बाई काही करायली असली, तर गप बसून बघा. तिनं मागितल्याबिगर आपला हात लावू नका.