सावडीतली माझी जागा

मी पासली सोडली तेव्हा भात झोडून झालं होतं, पेंढा रचून झाला होता, त्यामुळे माझ्या जाण्यानं कुणाचं काही अडलं नाही. सकाळच्या एसटीला आई सोडायला आली. वडील मी शाळेत असतानाच गेलेले, भाऊ नाही, म्हणजे घरात आता ती एकटीच राहणार होती. पण डोळ्यांत पाणीबिणी काही नाही. पिशवी माझ्या मांडीवर ठेवून खिडकीतून तिनं एवढंच सांगितलं, "परमनंट व्हईस्तोवर कुणाशी भांडू नको. मग काय भांडायचं ते भांड." कंडक्टर हसला, मीही हसले. गाडी वळणावर गेली तेव्हा मागं वळून बघायचं माझ्या ध्यानातच आलं नाही. मी मनातल्या मनात कंपनीचा निळा शर्ट घालून बघत होते.

पासलीच्या बायांनो, आणि सारोळ्याच्या फाट्यावर माझ्याबरोबर कंपनीच्या बसची वाट बघणाऱ्या पोरींनो, तुमच्या दोघींच्या मधे लटकलेली मी हे लिहिते आहे. तिकडच्यांना वाटतं, सुमननं नशीब काढलं. इकडच्यांना नशीब म्हणजे काय ते रोज उभ्या उभ्या कळतं. दोघींचंही खरं आहे, आणि माझी सगळी गोची तिथंच आहे.

सारोळं म्हणजे काही दुबई नव्हे. नसरापूरला उतरायचं, वेल्ह्याची गाडी धरायची, तिथून पुढं पासली. उजाडता निघालं तर जेवायच्या वेळेला आईच्या दारात. लांब गेलेल्या लोकांना निदान सांगायला अंतर तरी असतं. विमानाचं तिकीट मिळालं नाही, व्हिसा झाला नाही. मी काय सांगू? नीरेच्या पुलापलीकडं कंपनी आणि पुलाअलीकडं भाड्याची खोली, एवढ्यात माझं जग, आणि तरी मला घरी जाता येत नाही, हे कुणाला पटणार?

खरं सांगायचं तर कंपनी मला आवडते. आता नाकं मुरडू नका. आम्ही कपडे धुवायच्या मशिनी बनवतो आणि मी त्यांच्या दाराला रबर बसवते. बस मला न्यायला येते. आयुष्यात माझ्यासाठी थांबलेली ती पहिली गाडी. कॅन्टीनमध्ये गरम पोळी कुणीतरी माझ्या ताटात वाढतं आणि ते ताट मला घासावं लागत नाही. हे सुख काय असतं ते फक्त बाईलाच विचारा. छातीवर माझं स्वतःचं नाव असतं, अमक्याची मुलगी न् तमक्याची बायको नाही. पुढं लग्न झालं, आणि सासूबाई आजारी पडल्या तेव्हा मोठ्या दवाखान्यात कंपनीच्या कार्डावर त्यांना दाखल करून घेतलं. तेव्हापासून त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला पाण्याआधी सांगतात, "आमची सून परमनंट हाय." माझा नवरा दुसऱ्याचा टेम्पो चालवतो, काम कधी असतं, कधी नसतं. त्यामुळे हा शब्द आमच्या घरात देव्हाऱ्यातल्या टाकांच्या शेजारीच ठेवलेला आहे.

आणि कंपनी मला आवडत नाही, तीही याच गोष्टींसाठी. जी बस थांबते ती मला सोडूनही जाते. लाइनवर मशीन माझ्यासमोर येतं, मी रबर दाबते, ते पुढं जातं आणि दुसरं आलेलं असतं. हात मागं पडला की डोक्यावर लाल दिवा लागतो आणि सगळा हॉल वळून बघतो. बाथरूमला जायचं तर हात वर करायचा. रिलीव्हर येतो, म्हणजे माझ्या जागी उभा राहणारा माणूस. तो उभा राहिला की मी तिथं कधी होते याची खूणही उरत नाही. सुरुवातीला मला याचं फार कौतुक वाटायचं. मग एके दिवशी परत येऊन त्याच्या मागं उभी राहिले, तर त्याला मी आलेली कळलंच नाही, आणि मशिनींनाही काही फरक पडला नव्हता. त्या दिवशी पोळी गोड लागली नाही.

पण मला सांगायचंय ते सावडीचं. पासलीच्या बायांना सांगायला नको, पण सारोळ्याच्या पोरींतल्या कितीजणी आता हा शब्द विसरल्यात. आमच्याकडं भातलावण एकट्याची नसते. आज सगळ्या बाया माझ्या खाचरात, उद्या सगळ्या तुझ्या. ज्या घरानं माणूस धाडलं त्या घराला माणूस परत द्यायचं. त्यात मजुरी नाही. आमच्या घरातून आई आणि मी, दोघी जायचो. मी कंपनीत लागल्यावर आई एकटीच सगळ्यांकडं वाकत राहिली. मग तिचा गुडघा गेला. उभं राहता येतं, चिखलात वाकता येत नाही. बाया चांगल्या आहेत, म्हणाल्या, तुझं आम्ही लावून देतो. पण फुकटची सावड आई कशी घेईल? "म्या भीक घेऊन भात खाऊ व्हय?" म्हणाली. सारोळ्याला घेऊन आले, तर चार दिवसांत परत. दिवसभर कुलूप राखत बसायला ती काय कुत्री आहे का, असं तिनं माझ्या सासूबाईंनाच विचारलं.

म्हणजे आता घराचं माणूस म्हणून उभी राहणार कोण? मीच. आणि लावणीच्या दिवसांत कंपनीत रजा मिळत नाही. आमच्या लाइनवर निम्म्या पोरी भोर-वेल्ह्याच्या डोंगरातल्या, सगळ्यांना रजा एकाच आठवड्यात हवी. आमचे साहेब लातूरकडचे, माणूस वाईट नाही. एकदा वैतागून म्हणाले, "तुमच्याकडे सगळ्यांच्या आया आषाढातच कशा हो आजारी पडतात?" मी खरं ते सांगितलं, सावड फेडायची आहे. ते म्हणाले, "मग त्यात काय? मजूर लावा आणि पाठवून द्या."

मला ते पटलं, हीच खरी गंमत. डोंगरात जन्मलेल्या मला ते पटलं! गेल्याच्या गेल्या साली नवऱ्यानं वेल्ह्यातून दोन बाया रोजानं ठरवल्या आणि टेम्पोतून थेट पासलीला, हौसाकाकूंच्या खाचरावर नेऊन सोडल्या. हौसाकाकू म्हणजे आमच्या शेजारीण, लावणीत पहिली मूठ त्यांची. त्यांनी त्या बायांना चहा दिला, भाकरी खायला घातली आणि चिखलात पाय न घालू देता परत टेम्पोत बसवलं. नवऱ्याला म्हणाल्या, "जावईबापू, सावड घरच्या माणसाची आसती. ही माणसं कुणाची हायत? उद्या ह्यांच्या दारात म्या जाऊ व्हय लावायला?" नवरा बिचारा कान लाल करून परत आला. आईनं मात्र त्या साली खाचर पडीक ठेवलं आणि मला फोनवर त्याबद्दल एक शब्दही बोलली नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

म्हणून गेल्या साली मी न विचारता गेले. सासूबाई म्हणाल्या, नोकरीवर पाणी सोडशील. मी म्हटलं, सोडीन. हौसाकाकूंच्या खाचरात उतरले, डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद, हातात तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, मूठ. चिखल पोटरीपर्यंत चढला आणि मला हसूच फुटलं. लावताना बाया एका ओळीत वाकतात आणि मागं मागं सरकतात. पण मी लागले सपासप लावायला. रोप घे, दाब, पुढचं. थोड्या वेळानं मान वर केली तर मी एकटीच पार मागं बांधापाशी, आणि बाया तिकडं लांब, कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत उभ्या.

"आगं सुमे," हौसाकाकू ओरडल्या, "तुज्या मागं कोन लागलंय का?"

सगळ्या खो खो हसल्या. मग त्याच जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाय, वळ सगळ्यात म्हातारीच्या हातानं चालती. इसरलीस व्हय?" खरंच विसरले होते. जिचा हात सगळ्यात सावकाश, तिच्या बेतानं ओळ सरकते. म्हणून तर गप्पा होतात, म्हणून कुणी मागं पडत नाही. माझ्या हाताला हे आता कळत नव्हतं. त्यांच्याबरोबर सरकायला मला सारखं स्वतःला थांबवावं लागत होतं आणि छातीत धडधडत होतं, आता लाल दिवा लागेल म्हणून. लावण पुरी केली, सगळ्यांची सावड फेडली, आमच्या खाचरातही तरवा उभा राहिला. पण मला तिथं कंपनीतल्यासारखंच घुसमटल्यासारखं झालं, आणि ते मी आजवर कुणाला बोलले नव्हते.

निघायच्या दिवशी आईला म्हटलं, "मी नोकरी सोडते. हितं येऊन राहते." वाटलं होतं, तोंड फिरवून डोळे पुसेल. तर केवढ्यानं खवळली! "खुळी का काय? परमनंट सोडतं का कुणी? हौसाचा ल्योक बग, आजून कंत्राटीच हाय. तू कंपनीत हाईस म्हून मी हितं एकली असून लोक मला इचारत्यात. तू परत आलीस तर मी कोन?" सासूबाईंचा दवाखाना, नवऱ्याचा टेम्पो यांनी मला बांधलंय हे ठाऊक होतं. दाव्याचं दुसरं टोक आईच्या हातात आहे, हे तेव्हा कळलं.

कंपनीनं ताकीद दिली. साहेबांनी सांगितलं, "पुन्हा असं झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही." तरी यंदा आषाढ लागला तसा माझा जीव थाऱ्यावर राहीना. रजेचा अर्ज दिला, साहेब नाही म्हणाले. मी ठरवून टाकलं, जायचं, मग नोकरी राहो नाहीतर जावो. पिशवी भरली आणि आईला फोन लावला, की उद्या येते.

"कशाला?" आई म्हणाली. "लावण झाली की."

खाचर तिनं हौसाकाकूंना वाट्यानं कसायला दिलं होतं. "आता आपल्याला सावड न्हाई. कुणाचं काय फेडायला नगं. तू दिवाळीला ये निवांत, पावनी म्हून." आवाज मोकळा होता. मला सोडवल्याचा तिला आनंद झाला होता, आणि मला धन्यवाद म्हणावं की ओरडावं ते कळेना. विचारलं, "माझ्या जागी कोण उभं राहिलं गं?"

"कुनी न्हाई. बाया जरा जवळ सरकल्या, झालं."

कंपनीत मी दोन मिनिटं हलले तरी माझ्या जागी माणूस उभा राहतो. माझं घर म्हणजे जिथं माझ्या जागी दुसरं कुणी चालत नाही ते ठिकाण, असं मी इतकी वर्षं मनाशी धरून होते. ते खोटं निघालं नाही. माझ्या जागी कुणीच उभं राहिलं नाही. जागाच उरली नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी वेळेवर बस धरली. साहेब लाइनवर आले, मला बघून बरं वाटलं त्यांना. म्हणाले, "काय सुमनताई, रजेचं काय करायचं मग? बघू का काही?"

मी रबर दाबत म्हटलं, "नको साहेब. आता लागणार नाही."