लव्हॉनची लाल सवत

एलरॉय हॅवरकॅम्पने जन्मात दोनच गोष्टींवर जीव लावला, असं गावात म्हणत. एक बायको लव्हॉन, दुसरी लाल कॉर्व्हेट. त्यातली आधी कुठली, यावर मात्र एकमत नव्हतं. लव्हॉन स्वतः त्या गाडीला 'माझी सवत' म्हणायची. "एखाद्या रात्री माझ्या अंगावर पांघरूण घालायला विसरेल, पण तिच्या अंगावर घालायला विसरायचा नाही," असं ती चर्चच्या तळघरात बटाट्याचं सॅलड कालवताना सांगायची आणि सगळ्या बायका हसायच्या. एलरॉयही कॉफीचा कप धरून कोपऱ्यात हसायचा.

बोलणं हा त्याचा प्रांतच नव्हता. मिसुरी नदीकाठची ही जुनी जर्मन घराणी. पाण्यापावसाबद्दल तासभर बोलतील, पण मनातलं सांगायची वेळ आली की मूग गिळून बसतील. एलरॉय तर त्यातलाही अर्क. बुटांच्या कारखान्यात टाचा ठोकण्यात त्याची उमर गेली. सदुसष्ट साली सेंट लुईसच्या कारखान्यातून आलेली ती दोन आसनांची, उघड्या टपाची गाडी त्याने कोरी घेतली आणि कोरीच ठेवली. पावसात नाही, खडीवर नाही, हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकलं की थेट वसंतापर्यंत नाही. रविवारी मऊ कापडाने पुसायची, महिन्यातून एकदा नदीच्या पुलापर्यंत न्यायची, की पुन्हा गॅरेजात. लव्हॉन डोक्याला रुमाल बांधून शेजारी बसायची. सुरुवातीच्या दिवसांत तिने एकदाच चालवायला मागितली होती.

"बघू," एलरॉय म्हणाला होता. त्याचं 'बघू' म्हणजे काय, हे तिला कळायचं. तिने पुन्हा मागितली नाही.

जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींत एक पितळी पाटी मिळते. कारखान्यातून निघाली तशीच आहे, कुणी हात लावलेला नाही, अशा गाडीलाच ती देतात. दर उन्हाळ्याच्या जत्रेत दुसऱ्यांच्या गाड्यांवरची ती पाटी एलरॉय मान वाकडी करून बघायचा. शेजारचा बुच नीमायर त्याला डिवचायचा, "लेका, तुझ्याइतकी कोरी गाडी तीन जिल्ह्यांत नाही. तपासनीस बोलाव की! का मेल्यावर तुला तिच्यातच पुरायचं?" एलरॉय हो म्हणायचा आणि बोलवायचा नाही. असं वर्षानुवर्षं चाललं. माणूस मुलखाचा आळशी असता तर समजलो असतो; पण हा तर टायरच्या खाचा कापसाने पुसणारा.

मागच्या वसंतात लव्हॉन गेली. पानगळ लागली तेव्हा घर एलरॉयच्या अंगावर यायला लागलं, आणि बुचने पुन्हा विषय काढल्यावर तो म्हणाला, "बोलाव."

प्रेविट नावाचा तपासनीस आला. बॅटरी घेऊन गाडीखाली उताणा झोपला, आणि खडूने केलेल्या कारखान्यातल्या खुणा अजून तशाच बघून लहान मुलासारखा खूश झाला. गाडी साडेचार हजार मैलही चालली नव्हती. बुच तर पाटी कुठे लावायची तेही ठरवून बसला. मग प्रेविट उजव्या दारापाशी उकिडवा बसला आणि बराच वेळ उठला नाही.

"हॅवरकॅम्पसाहेब, इथे खालच्या कडेला ओरखडा आहे. त्यावर कुणीतरी लाल रंग फिरवलाय. गाडीचा नाही हा. नखांना लावतात ना, तो."

बुचने आ वासला. एलरॉय जमिनीकडे बघत राहिला.

"काळजी करू नका," प्रेविट म्हणाला. "हलक्या हाताने खरवडून काढतो. खालचा ओरखडा दिसेल, त्याचं काही नाही. जुन्या गाडीला ओरखडा शोभतो. वरून केलेली डागडुजी तेवढी चालत नाही."

एलरॉयला त्या रंगाची माहिती कुणी द्यायला नको होती. सत्तर सालचा नोव्हेंबर. हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडला की इकडे पुरुषमाणूस घरी सापडत नाही. तसा तोही भावाबरोबर रानात गेला होता. परत आला तो गाडीतला मैलांचा आकडा चारने पुढे. पुलापर्यंत जाऊन यायला तेवढेच लागतात. मग पत्रपेटीच्या खांबावर लाल रेघ दिसली, आणि दारावर हा ठिपका. इतका निगुतीने लावलेला, की दुसऱ्या कुणाला दिसला नसता. त्याला राग आला होता, खोटं कशाला सांगा. पण ती आपण होऊन सांगेल म्हणून तो थांबला, आणि तो विचारील म्हणून ती थांबली असावी. दोघांनी हूं की चूं केलं नाही. आधी आठवडा गेला, मग सगळा संसार तसाच सरला.

त्यानंतर लव्हॉनने नखांना लाल रंग कधी लावला नाही. बाटलीच नाहीशी झाली. फिकट गुलाबी लावायची, पुढे तोही सोडला. लाल तिला फार छान दिसायचा. 'लाव की पुन्हा,' असं कितीदा त्याच्या ओठांवर आलं. पण ते म्हणायचं म्हणजे आपल्याला सगळं माहीत आहे हे सांगायचं, आणि मग तिला खाली बघावं लागलं असतं. इतकी वर्षं तपासनीसही म्हणूनच बोलावला नव्हता. दर रविवारी गाडी पुसताना त्याचं कापड त्या ठिपक्याला वळसा घालून जायचं.

"काढू ना?" प्रेविटने बारीक पातं हातात घेतलं.

"नको," एलरॉय म्हणाला.

"अरे, वेड लागलं का तुला?" बुच म्हणाला. "आणि पाटी?"

"राहू दे. माझ्या बायकोने लावलाय तो. तिला वाटायचं, मला माहीत नाही."

प्रेविटने पातं मिटलं. टोपी काढून, ठिपक्याकडे एकदा नीट बघून तो गेला. एलरॉयने खिशातून किल्ली काढली आणि बुचपुढे धरली.

"चालव. पुलापर्यंत."

"मी?" बुचचा हात पुढे येईना. त्या गाडीचं स्टिअरिंग एलरॉयशिवाय कुणी धरल्याचं त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

"तुझ्याखेरीज दुसरं आहे कोण आता?"

एलरॉय उजव्या बाजूला गेला, दार उघडून लव्हॉनच्या जागेवर बसला. इतक्या वर्षांत तिथे तो कधी बसला नव्हता. गाडी रस्त्याला लागली. नदीवरून गार वारा येत होता, टप उघडा होता. त्याने हात दाराबाहेर सोडला, खाली त्या ठिपक्याच्या दिशेने, पण तो काही पोचेना. मग त्याने बाजूला पाहिलं. त्या जागेवरून गाडीचं स्टिअरिंग अगदी हाताशी दिसत होतं, एक हात लांब केला की धरता येईल असं.

"बुच," तो म्हणाला, "तिने मागितली होती रे. मी बघू म्हणालो."