स्कूटरभाभींची परीक्षा

आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांना स्कूटर चालवायला शिकवणाऱ्या भाभी स्वतःची स्कूटर मात्र घरापासून शाळेच्या मैदानापर्यंत ढकलत आणायच्या. कुणी हसलं तर म्हणायच्या, "रस्त्यावर लायसन लागतंय. मैदानात कोण विचारतंय?" लायसन त्यांनी काढलंच नव्हतं. शिवणकाम करणाऱ्या भाभींची शाळा चौथीतच सुटली होती, आणि परीक्षा म्हटलं की त्या विषयच बदलायच्या.

शिकवणं मात्र खणखणीत. मी चाळिशी ओलांडलेली, बँकेत नोकरी करणारी, ब्रेक दाबायच्या वेळी डोळे मिटणारी. भाभी मागे बसून बजावायच्या, "मॅडम, चाकाकडं बघू नकासा. जिकडं बघशिला तिकडंच गाडी जाती." मी फुटबॉलच्या गोलच्या खांबाकडे बघितलं. दोघीही पडलो. धूळ झटकत भाभी म्हणाल्या, "आता पटलं न्हवं?"

मला लायसन मिळालं तेव्हा पेढ्यांबरोबर ते दाखवायला गेले. पेढा तसाच ठेवून भाभी लायसनच बघत राहिल्या. त्या बघण्याने मला चैन पडेना. मग त्यांच्याकडेच शिकलेल्या आम्ही चौघींनी त्यांच्याकडून रस्त्यावरची सगळी चिन्हं घोकून घेतली. कॉम्प्युटरवरची परीक्षा त्या पास झाल्या. राहिलं गाडी चालवून दाखवणं, म्हणजे त्यांच्या हातचा मळ.

त्या परीक्षेच्या दिवशी आरटीओच्या साहेबांनी दोघी-दोघींना पाठोपाठ सोडलं. भाभींच्या पुढची मुलगी वळणावर डगमगली. भाभींनी दोन्ही पाय टेकून गाडी थांबवली आणि हाक दिली, "पोरी, चाकाकडं न्हाय, लांब बघ." मुलगी सावरली आणि पास झाली. पाय टेकले म्हणून भाभी नापास.

साहेब म्हणाले, "मावशी, परीक्षा द्यायला आलाय का घ्यायला?"

परतताना रिक्षात भाभी एवढंच बोलल्या, "पडली असती की ती."

दुसऱ्या खेपेला त्यांच्यापुढे कुणी नव्हतं. पास झाल्या.

गेल्या वर्षी त्या जयसिंगपूरला लेकीकडे कायमच्या राहायला गेल्या. शिलाई मशीन टेम्पोतून, त्या स्कूटरवरून. आम्ही सहाजणी आपापल्या गाड्यांवरून शहराबाहेरच्या नाक्यापर्यंत सोडायला गेलो. तिथे पोलिसाने भाभींना अडवून लायसन मागितलं. त्यांनी रुमालाच्या घडीतून ते काढलं. त्याने वरवर पाहून परत पुढे केलं. भाभी घेईनात.

"नीट बघा की. फोटू बी बघा."

पोलिसाने फोटो बघितला, भाभींकडे बघितलं. "बरोबर हाय," म्हणाला.

तेव्हा कुठे त्यांनी लायसन घेतलं, रुमालात गुंडाळलं, आम्हाला हात केला आणि निघाल्या. त्या दिसेनाशा होईपर्यंत आम्ही तिथेच थांबलो. पोलिसाने आम्हाला काही विचारलं नाही ते बरं झालं. माझं लायसन घरीच राहिलं होतं.