पुसला जाणारा गोळा

आमच्या गोंदियाच्या दवाखान्यात एक समुपदेशक होता; तो जोडप्यांना कार्टूनसारखा व्हिडिओ दाखवायचा. बाळाला सिकलसेलचा रक्ताचा आजार होऊ नये म्हणून पोटात ठेवण्याआधीच गर्भ कसे तपासतात, ते त्यात होतं. भर मे महिन्यात त्याच्या अंगात स्वेटर आणि सतत घोटघोट पाणी पिणं. मी काउंटरवरून त्याला हसायचे. पडद्यावर गर्भ म्हणजे गोल गोळे; चांगले गोळे हसत. सिकलवाला गोळा रडवेला होऊन पुसला जाई, तेव्हा हा समुपदेशक खिडकीबाहेर पाही.

एकदा केशोरी गावच्या एका बाईनं विचारलं, “याले काऊन पुसून राहिले जी? जगला असता त कसा राह्यला असता?”

त्यानं व्हिडिओ थांबवला.

“माझ्यासारखा, ताई. मले सिकलसेलच हाये. म्हणून त हे स्वेटर अन् पाणी.”

घोटभर पाणी पिऊन त्यानं व्हिडिओ पुढे सुरू केला. या वेळी खिडकीकडे मान माझी वळली.