भाऊच्या गोळ्या आणि व्हॅलेन्सिया

बदनापूरचं घर बंद करताना मी गॅसची कळ तीनदा पाहिली, कुलूप दोनदा ओढून बघितलं आणि रिक्षात बसल्यावर पिशवी उघडून पासपोर्ट मोजले. दोनच होते, तरी मोजले. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मी भूगोल शिकवला. भूमध्य सागरी हवामान म्हणजे कोरडा उन्हाळा, हिवाळ्यात पाऊस आणि संत्र्या-लिंबाच्या बागा, हे किती वर्गांकडून घोकून घेतलं असेल. पण स्वतः राज्याबाहेर गेले ती दोनदाच, तीही शाळेच्या सहलीसोबत. आणि आता निघाले होते स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरात चार दिवस राहायला, थोरल्या भावाला घेऊन.

भाऊची हसनाबादला मोसंबीची बाग आहे. माझी मुलगी ऋतुजा जर्मनीत नोकरी करते. मामाला संत्र्यांचा मुलूख दाखवायचा हे तिच्याच डोक्यातलं. आम्ही शनिवारी पोचायचं, ती रविवारी संध्याकाळी येऊन भेटणार, असं तिनं ठरवलं. मला धास्ती होती ती भाऊच्या तब्येतीची. सहा महिन्यांपूर्वी त्याच्या हृदयात स्टेंट बसवला होता. डॉक्टर म्हणाले होते, प्रवास खुशाल करा, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी एक दिवसही चुकवू नका.

निघताना वहिनीनं गोळ्यांचं निळं पाऊच माझ्या हातात दिलं. "वन्सं, हे तुमच्याजवळच असू द्या. यांचं तुम्हाला ठाऊकच हाये. दुखलं तरी सांगायचे न्हाईत."

शुक्रवारी दुपारी मुंबईच्या गाडीत डबा खाऊन झाल्यावर मी भाऊला गोळी दिली. तोवर सगळं बराबर होतं.

विमानतळावर माझी हातातली पिशवी वजनाला जास्त भरली. मागे रांग, समोर काउंटरवरची मुलगी घड्याळाकडे बघतेय. मी गडबडीनं पिशवीतून हाताला लागेल ते काढून मोठ्या पेटीत कोंबलं. शाल, चपला, भाऊचा स्वेटर, आणि त्यांच्यासोबत ते निळं पाऊच. धपाट्यांचा डबा मात्र हातात राहिला. पेटी पट्ट्यावरून पुढे निघून गेली आणि मला काहीच वाटलं नाही.

वाटलं ते दुसऱ्या विमानात. मधल्या विमानतळावर विमान बदलून आम्ही बसलो, जेवणाचे ट्रे आले, आणि जेवणानंतरची गोळी म्हणून मी पिशवीत हात घातला. निळं पाऊच तिथे नव्हतं, ते पेटीत गेलं होतं. हसनाबादला तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले असतील. मी स्वतःला समजावलं की दोन-अडीच तासांचा प्रश्न आहे, उतरल्यावर पेटी उघडू. भाऊ खिडकीतून खाली बघत होता. मी त्याला काही बोलले नाही.

व्हॅलेन्सियाला सामानाचा पट्टा फिरत राहिला. लोक आपापल्या पेट्या उचलून गेले. शेवटी एक लहान मुलांची गाडी तेवढी फिरत होती, मग तीही कोणी नेली. चौकशीच्या खिडकीवरच्या बाईनं संगणकात बघून सांगितलं की पेटी मधल्याच विमानतळावर राहिली, बहुतेक उद्या येईल. तिनं एक फॉर्म भरून घेतला.

"काय म्हणून राह्यली ती?" भाऊनं विचारलं.

"उद्या येती म्हणे पेटी."

"मंग येईल की. चल."

फेब्रुवारीचं ऊन होतं, पण अंगाला टोचणारं नव्हतं. मेट्रो विमानतळातूनच सुटते आणि वीस-पंचवीस मिनिटांत शहराच्या मध्यात आणून सोडते, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. टॅक्सीच्या नादी लागायची गरज नाही. स्टेशनातून वर आलो तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याची झाडं, फळांनी लगडलेली, आणि त्यांच्याखाली लोक नुसतेच चालत होते. कोणी वर बघतही नव्हतं. भाऊ थांबला. त्यानं एक पान उलटं करून पाहिलं, खोडावरून बोट फिरवलं.

"एवढा माल झाडावर सोडलाय. कोणी तोडीत काहून न्हाई?"

शेजारून जाणाऱ्या एका गृहस्थानं तोंड वाकडं करून दाखवलं. ही संत्री कडू असतात, ती फक्त शोभेला. भाऊला ते पटलं नाही. एरवी मी हसले असते. त्या वेळी माझ्या डोक्यात फक्त तास मोजणं चाललं होतं.

आमची खोली जुन्या वस्तीत, तिसऱ्या मजल्यावर होती. मालकीणबाई आंपारो सत्तरीच्या असाव्यात, पांढरे केस, हातात ओला कपडा. त्यांना स्पॅनिशखेरीज काही येत नव्हतं. मोबाइलवरून भाषांतर करत आमचं बोलणं झालं. जिने चढताना भाऊ दोनदा थांबला. मी विचारलं तर म्हणाला, "काही न्हाई, झोप झाली न्हाई ना." त्यानं दोन धपाटे खाल्ले आणि तो आडवा झाला. मी म्हटलं, जरा चक्कर मारून येते.

खाली उतरले आणि हिरव्या रंगाचा क्रॉस शोधत सुटले. तिथे फार्मासिया (औषधाचं दुकान) ओळखायची तीच खूण. पहिलं दुकान बंद. दुसरंही बंद. शनिवारची दुपार होती. त्या मुलखात दोन ते पाच बहुतेक दुकानांना कुलूप असतं, हे मी वाचलं होतं. वाचलं तेव्हा त्यात गंमत वाटली होती. आता बंद काचेसमोर उभी राहून मी दार ठोठावून पाहिलं. काचेवर आतून एक कागद चिकटवलेला दिसला. मोबाइलनं फोटो काढून भाषांतर केलं. कागदावर "फार्मासिया दे ग्वार्दिया", म्हणजे सुट्टीच्या वेळी पाळीनं उघडं राहणारं दुकान आणि त्याचा पत्ता होता. हा कागद प्रत्येक बंद औषध दुकानावर असतो. माझ्याकडून एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही ठेवा.

पत्ता नदीपलीकडचा होता. पूल आला, पण खाली पाणी नव्हतं. मोठा पूर आल्यावर त्या लोकांनी नदीच शहराबाहेरून वळवली आणि जुन्या पात्रात मैलोन्‌मैल बाग केली. भूगोलाच्या बाईनं तिथे तासभर उभं राहायला हवं होतं. मी पुलावरून जवळजवळ पळत गेले.

दुकानात टक्कल पडलेला एक भला माणूस होता, त्याला थोडं इंग्रजी येत होतं. मी गोळीचं नाव सांगितलं. त्यानं मान हलवली. ते नाव आपल्याकडच्या कंपनीचं, तिकडे ते कोणाला माहीत असणार? त्याला मूळ औषधाचं नाव हवं होतं. चिठ्ठी तर पाऊचमध्ये. शेवटी मी वहिनीला फोन लावला. तिकडे रात्रीचं जेवण चाललं असावं, ताटलीचा आवाज आला.

"वहिनी, भाऊच्या गोळीची एखादी रिकामी पट्टी हाये का घरात? मागल्या बाजूचा फोटो पाठव."

"काहून? काय झालं?"

"काही न्हाई. इथं फॉर्मवर नाव लिहायचंय."

 "पाठवते," ती म्हणाली. पाचच मिनिटांत फोटो आला. दुकानदारानं बारीक अक्षरं मोठी करून वाचली आणि मान डोलावली. गोळी त्याच्याकडे होती. पण तिथल्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती देता येत नाही, असं तो म्हणाला. त्यानं नकाशावर जवळचा सेंत्रो दे सालूद (सरकारी दवाखाना) दाखवला आणि सांगितलं, पेशंटला घेऊन जा.

म्हणजे भाऊला सांगणं आलं. परतताना मी वाक्यं जुळवत होते. वर आले तर खोलीचं दार उघडं आणि पलंग रिकामा. चपला नव्हत्या. मी जिन्यात ओरडले, "भाऊ."  आंपारोबाई बाहेर आल्या, माझा चेहरा बघून त्यांनी माझा दंड धरला आणि मला तळमजल्यावरच्या मागच्या अंगणात नेलं. तिथे मोठ्या मातीच्या कुंडीत लिंबाचं झाड होतं आणि भाऊ त्याच्यापाशी उकिडवा बसून खोडावरचा डिंक चाकूनं खरवडत होता.

"डिंक्या झालाय," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "कुंडीचं भोक बुजलंय, पाणी तुंबून राह्यलं. या बाईला सांग."

मी तिथेच पायरीवर बसले. "भाऊ, तुझ्या गोळ्या पेटीत गेल्या. म्याच टाकल्या."

"ठाऊक हाये."

"कसं?"

"मुंबईला तू पाऊच पेटीत टाकलं तवा म्या पाह्यलं ना. तू आधीच एवढी घाबरून राह्यली व्हती. म्हणलं, येईल पेटी, कशाला बोलायचं." त्यानं चाकू पुसला. मग म्हणाला, "सुनंदे, जिने चढताना इथं जड वाटलं. आताबी थोडं हाये."

त्यानं हात छातीच्या मधोमध ठेवला होता.

पुढचा तासभर मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. मी मोबाइलवर "छाती, जड, डॉक्टर" असे तीन शब्द लिहून आंपारोबाईंना दाखवले. त्यांनी अंगावरचा एप्रन तसाच ठेवून टॅक्सी बोलावली आणि त्या आमच्यासोबत बसल्या. दवाखान्यात त्याच पुढे झाल्या, भराभरा बोलत. लगेच भाऊला आत घेतलं, छातीवर तारा लावून हृदयाचा आलेख काढला. मी भिंतीला टेकून उभी होते. वहिनीला काय सांगायचं, एवढंच मनात येत होतं. 

डॉक्टरीणबाई सावकाश इंग्रजीत बोलल्या. आलेख ठीक होता. त्यांनी गोळी तिथेच दिली, दोन तास निजवून ठेवलं आणि पुन्हा आलेख काढला. तोही तसाच आला. जागरण, पोटातला वायू आणि तीन मजले, असं त्यांचं निदान. चार दिवसांची चिठ्ठी लिहून देताना त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "गोळ्या मोठ्या पेटीत का ठेवल्या?" मी चिठ्ठी घडी करून हातातल्या पिशवीत ठेवली.

पेटी रविवारी दुपारी आली. संध्याकाळी ऋतुजा आली. तिला सगळं सांगितलं आणि तिची बोलणी खाल्ली. पुढचे दोन दिवस आम्ही शहर पाहिलं, पण माझ्या पद्धतीनं. दर अर्ध्या तासाला भाऊला बाकावर बसवायचं आणि विचारायचं. तो वैतागायचा, पण खरं सांगायचा. मोठ्या मंडईत गेलो, तिथे छताखाली रंगीत काचांतून उजेड येतो आणि फळं रचून ठेवलेली असतात. भाऊनं संत्री विकणाऱ्या बाईशी मराठीत चर्चा केली. खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी माणसानं नुसतं "मांस नको" म्हणून भागत नाही. भाज्यांचं सँडविच मागितलं तर त्यात मासा निघाला. "ना मांस, ना मासे, ना डुकराचं" असं तिन्ही लिहून दाखवावं. पाएया (मोठ्या पसरट कढईतला भात) भाज्यांचाही मिळतो, तो दुपारीच खावा. रात्रीचं जेवण तिथे नऊच्या आधी मिळत नाही, तेव्हा गोळ्या घेणाऱ्यांनी सोबत काहीतरी ठेवावं. आमचे धपाटे तिसऱ्या दिवसापर्यंत पुरले.

निघायच्या दिवशी सकाळी भाऊनं ती कुंडी रिकामी करून, भोक मोकळं करून, झाड पुन्हा लावलं. आंपारोबाईंनी ऋतुजाच्या मोबाइलवरून विचारून घेतलं, पाणी किती दिवसांनी घालायचं. मग त्यांनी भाऊचे दोन्ही हात हातात घेतले. भाऊ लाजला.

हसनाबादला पोचलो तेव्हा वहिनी ओट्यावर बसून होती. पाणी दिलं, चहा झाला. भाऊ लगेच बागेकडे गेला. मी तिच्यासमोर बसले आणि पाऊचपासून दवाखान्यापर्यंत सगळं सांगितलं. 

"मला त्याच टायमाला कळलं व्हतं," ती शेवटी म्हणाली. "फॉर्मासाठी कोणी रिकामी पट्टी मागत असतंय का?"

"मंग परत फोन काहून नाही केला?"

"तुम्ही तिथं धावपळीत. मी फोन करून काय केलं असतं, तुम्हाला अजून भ्यावच लावलं असतं ना." ती कप उचलायला वाकली. "पण वन्सं, पुढच्या टायमाला कुठं बी जायचं असलं तर मला संगं न्या. दुरून भ्यायला लई जड जातं."

मी तिच्या हातातून कप घेतले आणि आत जाऊन धुतले. तेवढंच करण्यासारखं होतं. बाहेरून भाऊची हाक आली, तो आम्हा दोघींना बागेत बोलावत होता.