डाव्या पायावरचा ठिपका

शर्टांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं बटणं मोजली, म्हणून तिला सगळे मोजणीबाई म्हणत. गप्पा मारता मारता मूठभर बटणं टेबलावर सोडायची आणि आकडा सांगून मोकळी व्हायची. तो कधी चुकला नाही. कारखान्याला टाळं लागलं, तेव्हा जवळच्या जंगलात सापसुरळ्यांचा अभ्यास करणाऱ्या सरांनी तिला कामावर घेतलं.

काम साधं होतं. जमिनीत काठापर्यंत पुरलेल्या बारा बादल्या. पाचोळ्यातून सरसर जाणाऱ्या सापसुरळ्या त्यांत पडायच्या. रोज सकाळी त्यांना बाहेर काढायचं, मागच्या डाव्या पायावर पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा, वहीत नोंद करायची आणि सोडून द्यायचं. लोक सापसुरळीला सापाची मावशी म्हणतात. पण ही मावशी भाच्यांच्या मानाने अगदीच गरीब, असं मोजणीबाईचं मत. हातात धरली की तिच्या पोटाची धडधड बोटांना कळायची.

रोज तीन-चार सापडायच्या, त्यातल्या बऱ्याच आधीच ठिपका दिलेल्या. महिनाभरात एकवीस ठिपके देऊन झाले. मग एका सकाळी बादल्यांत अडतीस निघाल्या. सगळ्या ठिपकेवाल्या.

सर म्हणाले, मोजण्यात चूक झाली असेल. हे तिला लागलं. तिने सगळ्या एका टबात घेतल्या आणि त्यांच्यासमोर दोनदा मोजून दाखवल्या. सरांनी भिंग लावून ठिपके पाहिले. तोच रंग, तीच जागा. बाटली तर रोज संध्याकाळी सरांच्या पेटीत कुलपात असायची.

"मी दिलेले नाहीत," सर हळूच म्हणाले.

"मीही नाही."

एरवी पाचोळ्यात सारखी खसखस चालू असायची. ती थांबलेली आहे, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. सापसुरळ्या सोडून दिल्या आणि दोघं आपापल्या वाटेने परतले.

घरी दारात ती पाय धूत असताना धाकट्या जावेने विचारलं, "ताई, टाचेला रंग कसला लागलाय?"

डाव्या पायाला, टाचेच्या जरा वर, पांढरा ठिपका होता. वाळलेला, गोल, नीटनेटका. जावेने रॉकेलच्या बोळ्याने तो घासून काढला आणि कामातून बाई वेंधळी झाली म्हणून हसलीही. मोजणीबाई हसली नाही. दिवसभर तिच्या पायाला कुणाचा हात लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती गेली, पण बादल्यांकडे नाही. सरळ सरांच्या खोलीवर गेली आणि उभ्या उभ्या म्हणाली, "सर, डावा मोजा काढून बघा."

सरांनी आधी बूट काढला, मग मोजा. टाचेच्या वरच्या पांढऱ्या ठिपक्यावरून त्यांनी एकदा बोट फिरवलं.

त्याच दुपारी दोघांनी मिळून बाराही बादल्या उपटल्या, खड्डे बुजवले, वर पाचोळा सारखा केला. आठवड्याभरात सरांनी खोली सोडली. अभ्यास अर्धवट का टाकला, हे त्यांनी कुणाला सांगितल्याचं ऐकिवात नाही.

मोजणीबाई आता लॉन्ड्रीत इस्त्री करते. कुणी त्या नोकरीबद्दल विचारलं, तर काम संपलं एवढंच सांगते. जाऊ माहेरी जाताना जंगलातली जवळची वाट धरते. तिकडे जायची वेळ आलीच, तर मोजणीबाई मात्र सडकेने जाते. अर्धा तास जास्त चालावं लागतं, पण त्याबद्दल तिने आजवर कुरकुर केलेली नाही.