आतून कडी लागते का?

कुणाच्याही घरी गेली की वैशालीताई आधी बाथरूमच्या दाराची कडी बघायची. पाणी प्यायच्या आधी. आत जाऊन कडी लावायची, काढायची, पुन्हा लावायची आणि मग निवांत सोफ्यावर येऊन बसायची. घोडबंदर रोडवरच्या एका हॉलमध्ये मामेबहिणीचं लग्न होतं. तिथल्या बायकांच्या बाथरूमची कडी निखळलेली दिसली, तर मुहूर्ताच्या आधी मॅनेजरला बोलावून तिनं ती बसवून घेतली. "परदेशात जाऊन सुतारकाम शिकलीस काय गं?" मामा म्हणाले. सगळे हसले, तीही हसली.

माझी ही मोठी बहीण जिथं युद्ध चाललंय अशा देशांत काम करायची. घरदार सोडून छावण्यांत राहणाऱ्या बायकांवर जे अत्याचार होतात, ते थांबवायचे कार्यक्रम ती चालवायची आणि छावणीच्या कारभारात त्या बायकांनाच पुढे आणायची. बाबांना हे काही नीट सांगता यायचं नाही. "जगाची भांडणं सोडवते," एवढंच ते शेजाऱ्यांना सांगत.

"अहवालात नेतृत्व वगैरे मोठे शब्द लिहावे लागतात गं," ती मला म्हणायची, "पण आधी संडासाला आतून कडी हवी. बाई तिथं सुखरूप जाऊन आली, तरच मीटिंगला येईल ना." एका छावणीत समितीतल्या पुरुषांनी कड्या बसवायला नकार दिला, तेव्हा पंधरा-वीस बायका त्यांच्या बैठकीत जाऊन बसल्या आणि काम होईपर्यंत उठल्याच नाहीत. हे सांगताना ताईचा चेहरा असा फुलायचा, की जणू लेक बोर्डात आलीय. "तू काय केलंस?" मी विचारलं. "मी माझी खुर्ची त्यांना दिली आणि गप्प बसले. गप्प बसणं सगळ्यात कठीण, बाई."

तिचं ते गप्प बसणं पुढे माझ्याच वाट्याला आलं.

ती डोंबिवलीला राहायची, मी लग्न करून कल्याणला. एकदा परदेशातून आल्या आल्या ती माझ्याकडे आली. बाथरूम तपासून परतताना बेडरूमच्या दारापाशी थबकली. आतल्या कडीचा कोयंडा चौकटीतून उखडला होता, लाकूड फाटलं होतं. तिनं त्यावरून बोट फिरवलं.

"लाकूड कुजलंय," मी म्हणाले.

लाथेनं फुटलेलं दार तिला काय नवीन होतं? पण ती बाहेर येऊन सोफ्यावर बसली. चहा प्यायली. निघताना चपला घालता घालता म्हणाली, "माझ्याकडची मागची खोली तुझीच आहे. एका वकीलबाईंशी बोलून ठेवलंय. कधीही ये. विचारून येऊ नकोस."

पुढे प्रत्येक भेटीत हेच, शब्दही तेच. मला संताप यायचा. एकदा मी फाडकन बोलले, "तिकडच्या बायकांसाठी विमानानं जातेस आणि माझ्याकडे येऊन नुसता चहा पितेस! त्याच्या एक कानफटात का नाही देत?"

तिनं कप खाली ठेवला. "रोज वाटतं शिलू, तुला दंडाला धरून न्यावं. पण आज त्याच्या हुकमात आहेस, उद्या माझ्या हुकमात येशील. आणि मी ओढून नेलं आणि तू परत गेलीस, तर पुन्हा माझं दार वाजवायला तुला लाज वाटेल. ते मला चालणार नाही." आणि ती रडली. ताईला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

माझं ठरायला फार वेळ लागला. ठरलं त्या दिवशी नवरा कामावर गेल्यावर मी तिला व्हिडिओ कॉल केला. "ताई, मी निघते. पण तू परत आलीस की."

"माझी वाट कशाला बघतेस? किल्ली समोरच्या काकूंकडे आहे. आजच जा."

"नाही. तुझ्याबरोबरच आत शिरणार."

"बरं. मग मीच लवकर येते."

जिथं बंदुका चालत होत्या तिथं तिला कुणाची गोळी लागली नाही. मलेरिया डोक्यात गेला आणि चार दिवसांत सगळं संपलं. ताई पेटीतून घरी आली. कुणी म्हणालं, तिचं काम फार मोठं होतं. असेल. मला माझी ताई हवी होती.

स्मशानातून परतल्यावर नवरा सगळ्यांदेखत म्हणाला, "चल, घरी जाऊ."

"मी येत नाही," मी म्हणाले आणि काकूंकडे जाऊन हात पुढे केला. त्यांनी काही न विचारता किल्ली दिली.

मागच्या खोलीत धुतलेली चादर घातलेली होती. "दर फोनवर विचारायची, चादर बदलली का," काकू म्हणाल्या. दाराला आतून पितळी कडी होती, चार भक्कम स्क्रूंनी बसवलेली. "मी म्हटलं, एकट्या बाईच्या घरात आतल्या खोलीला कडी कशाला? तर म्हणाली, जिला लागेल ती येणार आहे."

काकू गेल्या. मी दार ओढलं, कडी लावली, काढली, पुन्हा लावली. मग दाराला पाठ टेकून खाली बसले.

"लागते गं ताई," मी म्हणाले. "आतून लागते."